चुंबकावर व्होल्टेजची हुकमत

हान्स क्रिस्टियन ओर्स्टेड यांनी १८२० मध्ये कोपनहेगनला केलेला प्रयोग शाळेच्या पुस्तकात असतो: तारेतून विद्युतधारा वाहू लागली की जवळच्या होकायंत्राची सुई वळते. त्या प्रयोगाची दुसरी बाजू मात्र फारशी सांगितली जात नाही. तारेवर विद्युतभार नुसता साठवून ठेवला, वाहू दिला नाही, तर सुई ढिम्म हलत नाही. ओर्स्टेड यांच्या आधी ज्यांनी स्थिर विजेने सुई वळवण्याची खटपट केली, त्यांच्या हाती काही लागले नाही ते यामुळेच. विजेला चुंबकावर अंमल गाजवायचा असेल तर तिने वाहिलेच पाहिजे, अशी ही अट होती आणि पुढचे सगळे विद्युत तंत्रज्ञान त्या अटीवरच उभे राहिले. पंख्याची मोटर, दारावरची घंटा, टेपरेकॉर्डरचे हेड, संगणकाची हार्ड डिस्क, जिथे जिथे विजेच्या जोरावर चुंबकत्व बदलायचे होते तिथे तिथे माणसाने तारेतून धारा सोडली आणि तार तापण्याची किंमत मुकाट मोजली.

ही किंमत का पडते, हे शेतकऱ्याला चटकन कळेल. धारेने चुंबक वळवणे म्हणजे पाटाला पाणी सोडून रहाट फिरवण्यासारखे आहे. जोवर काम चालू, तोवर पाणी वाहत राहणार आणि वाटेत जिरतही राहणार. नुसत्या व्होल्टेजने चुंबक वळवता आला तर ते घागर एकदा भरून ठेवण्यासारखे होईल. विद्युतरोधक पदार्थाच्या दोन बाजूंना व्होल्टेज लावले की भार दोन्हीकडे जाऊन बसतो आणि प्रवाह थांबतो. खर्च होतो तो फक्त घागर भरण्यापुरता. अशा रीतीने विद्युतक्षेत्राने चुंबकत्वावर ताबा मिळवण्याचा शोध सुमारे सव्वाशे वर्षे चालला आहे. हे शक्य आहे असे सिद्धांताने फार लवकर सांगितले होते. त्याने मुभा दिल्यावरही घोडे पुन्हा पुन्हा अडले ते पदार्थापाशी, म्हणजे योग्य स्फटिक ओळखण्यापाशी आणि तो पुरेसा शुद्ध घडवण्यापाशी. आणि वाट मोकळी झाली ती विजेचा आणि चुंबकाचा असे दोन्ही गुण एकाच पदार्थात सापडावेत हा हट्ट संशोधकांनी सोडल्यावर. या इतिहासाचा अर्थ मला असाच लागतो.

सुरुवात उष्णतेच्या किंवा विजेच्या बचतीच्या विचारातून झाली नाही. १८८८ मध्ये विल्हेल्म राँटगेन यांनी दाखवले की विद्युतक्षेत्रात ठेवलेला विद्युतरोधक फिरवला तर त्याच्याभोवती चुंबकीय परिणाम दिसतो. पण त्यात गती होती, म्हणजे एका अर्थी पुन्हा वाहणेच होते. खरा प्रश्न १८९४ मध्ये पिएर क्यूरी यांनी मांडला. स्फटिकांच्या सममितीवरील निबंधात त्यांनी असा विचार केला की कोणताही परिणाम घडण्यासाठी पदार्थात विशिष्ट प्रकारची असममिती असावी लागते, आणि स्फटिकात ती असेल तर जागच्या जागी ठेवलेल्या स्फटिकातही विद्युतक्षेत्राने चुंबकत्व आणि चुंबकक्षेत्राने विद्युत ध्रुवीकरण निर्माण होण्याची शक्यता नाकारता येत नाही. हे भाकीत केवळ तर्काचे होते. कोणत्या स्फटिकात शोधायचे, हे त्यात नव्हते. पुढच्या तीन-चार दशकांत काहींनी प्रयोग करून पाहिले. १९२६ मध्ये पीटर डिबाय यांनी या न दिसलेल्या परिणामाला ‘मॅग्नेटोइलेक्ट्रिक’ असे नावही दिले. बारसे झाले, पण मूल जन्मायचे होते.

प्रयोग फसत होते त्यामागे नशिबाचा किंवा ढिलाईचा भाग नव्हता. क्यूरींच्या सममितीच्या हिशेबात एक बाब धरलेली नव्हती: काळ. चुंबकत्व फिरणाऱ्या भारातून आणि इलेक्ट्रॉनच्या स्पिनमधून येते. या फिरण्याचे चित्रीकरण करून ते उलटे चालवले तर भार उलट्या दिशेने फिरताना दिसेल आणि चुंबकाचे ध्रुव अदलाबदल होतील. नुसत्या जागेवर बसलेल्या भाराचे चित्र मात्र उलटे चालवले तरी तसेच राहते. आता एखाद्या साध्या स्फटिकाला व्होल्टेज लावले आणि त्यात उत्तरेकडे तोंड केलेले चुंबकत्व आले असे समजा. चित्रफीत उलटी चालवली की स्फटिक तोच, व्होल्टेज तेच, पण चुंबकत्व दक्षिणेकडे. एकाच कारणाचे दोन विरुद्ध परिणाम होऊ शकत नाहीत, म्हणून उत्तर शून्यच यायला हवे. यातून सुटका एकाच प्रकारच्या पदार्थाला होती. ज्याच्या आत स्पिनची मांडणी आधीपासूनच गोठलेली आहे, म्हणजे चित्रफीत उलटवल्यावर जो स्वतःच बदलतो, असा पदार्थ हवा होता. शिवाय त्या मांडणीला डावे-उजवे, वर-खाली सारखे असून चालणार नव्हते. अशी मांडणी कोणत्या स्फटिकात आहे हे १८९४ मध्ये कुणालाच ठाऊक असणे शक्य नव्हते.

ते कळण्यासाठी तीन वेगवेगळ्या ठिकाणची कामे एकत्र यावी लागली. फ्रान्समध्ये लुई नेएल यांनी १९३० च्या दशकात अँटिफेरोमॅग्नेट या प्रकाराची कल्पना मांडली. त्यात शेजारशेजारचे अणू उलटसुलट दिशांना चुंबकित असतात, त्यामुळे आत शिस्त असूनही बाहेरून पदार्थ चुंबक वाटत नाही. ही शिस्त डोळ्यांनी पाहण्याचे साधन दुसऱ्या महायुद्धानंतर अणुभट्ट्यांनी दिले. न्यूट्रॉनला स्वतःचे चुंबकत्व असल्याने तो स्फटिकातून विखुरताना आतल्या स्पिनची मांडणी सांगून जातो. अमेरिकेतील ओक रिज येथे क्लिफर्ड शल आणि सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये मँगनीज ऑक्साइडवर हे करून दाखवले, आणि कॅनडात बर्ट्रम ब्रॉकहाउस यांनी १९५३ मध्ये क्रोमियम ऑक्साइडची चुंबकीय रचना उलगडली. या दोघांना १९९४ मध्ये नोबेल मिळाले. तिसरे काम सोव्हिएत रशियातले. तिथे अलेक्सेई शुबनिकोव्ह यांच्यापासून पुढे स्फटिकांच्या सममितीत काळाच्या उलटण्याचा हिशेब धरला जाऊ लागला. लेव लांडाऊ आणि येवगेनी लिफशित्स यांनी १९५७ च्या आपल्या पाठ्यपुस्तकात असा परिणाम तत्त्वतः शक्य असल्याची, पण अजून कुणाला दिसला नसल्याची नोंद केली. दोनच वर्षांनी, १९५९ मध्ये इगॉर झ्यालोशिन्स्की यांनी एका छोट्याशा निबंधात त्या मोकळ्या जागेत नाव भरले: क्रोमियम ऑक्साइड. १९६० मध्ये आस्त्रोव्ह यांनी त्या स्फटिकाला विद्युतक्षेत्र लावून चुंबकत्व मोजले. १९६१ मध्ये अमेरिकन नौदलाच्या वॉशिंग्टन येथील प्रयोगशाळेत रॅडो आणि फोलेन यांनी उलट बाजूही दाखवली, म्हणजे चुंबकक्षेत्राने निर्माण होणारे विद्युत ध्रुवीकरण.

इथे कुणी म्हणेल, हा तर सिद्धांताचाच निखळ विजय झाला. कागदावर भाकीत झाले आणि वर्षभरात प्रयोगाने त्यावर शिक्कामोर्तब केले, मग पदार्थावर एवढा भर कशाला? भाकीत अचूक होते यात वाद नाही. पण ते वर्षभरात खरे ठरले ते मागच्या दोन दशकांच्या कामामुळे. क्रोमियम ऑक्साइड हा काही दुर्मीळ पदार्थ नव्हे. हिरव्या रंगासाठी आणि धातू चकचकीत करण्याच्या लेपासाठी तो पूर्वीपासून वापरात आहे. क्यूरींच्या काळातही तो रंगाऱ्याच्या दुकानात मिळाला असता. नव्हते ते त्याच्या आतल्या स्पिनचे ज्ञान. न्यूट्रॉनचा पुरावा नसता तर झ्यालोशिन्स्की यांच्या सममितीच्या गणिताला पाय ठेवायला जमीन मिळाली नसती. शिवाय विद्युतक्षेत्राने हलणारे चुंबकत्व पहिल्यांदा सापडले ते अशा पदार्थात, जो लोहचुंबकासारखा साधी टाचणीही उचलत नाही. त्याच्या अक्षावर क्रोमियमचे स्पिन वर, खाली, वर, खाली असे मांडलेले असतात आणि एकमेकांना पुरते पुसून टाकतात. विद्युतक्षेत्र लावले की क्रोमियमचे आयन किंचित सरकतात, वरच्या आणि खालच्या स्पिनच्या परिसरात बारीक फरक पडतो, आणि तराजू किंचित एकीकडे झुकतो.

किती किंचित, हे आकड्यांतच पाहावे लागेल. एक मिलिमीटर जाडीच्या क्रोमियम ऑक्साइडला १००० व्होल्ट लावले, तर पदार्थाच्या सर्वाधिक प्रतिसादाच्या तापमानालाही त्यात साधारण ४ मायक्रोटेस्लाचे चुंबकत्व येते, म्हणजे आपल्या पायाखालच्या पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. एवढ्या व्होल्टेजला एवढेच. त्यातही एक मेख होती. स्फटिक थंड होताना त्यात दोन प्रकारचे भाग तयार होतात. एकात स्पिनची ओळ ‘वर-खाली’ अशी सुरू होते, दुसऱ्यात ‘खाली-वर’ अशी. दोघांचा प्रतिसाद परस्परविरुद्ध असल्याने भाग निम्मे-निम्मे पडले तर मापनयंत्रावर शून्य दिसते आणि प्रयोग करणाऱ्याला वाटते की परिणाम नाहीच. त्यावर उपाय म्हणून स्फटिक विद्युतक्षेत्र आणि चुंबकक्षेत्र दोन्ही लावून थंड करण्याची रीत पडली, म्हणजे सगळ्या भागांना एकच वळण लागते. आणि हे सगळे ३४ अंश सेल्सियसच्या आतच. त्यावर स्पिनची शिस्त मोडते. विदर्भातल्या वैशाखातल्या दुपारी हा स्फटिक उघड्यावर ठेवला तर त्याची करामत संपलीच म्हणायची.

शक्यता सिद्ध झाली होती, पण उपयोगाला लागणारे बळ कुठे होते? १९६० च्या दशकात हा प्रश्न घेऊन दोन वाटा फुटल्या. पहिली वाट एकाच स्फटिकात दोन्ही शिस्ती शोधण्याची होती: विजेची, म्हणजे फेरोइलेक्ट्रिक, आणि चुंबकाची. लेनिनग्राडमध्ये स्मोलेन्स्की यांच्या गटाने अशा पदार्थांचा पद्धतशीर शोध घेतला. जिनिव्हात हान्स श्मिड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९६६ मध्ये निकेल-आयोडीन बोरासाइट सापडला. त्यात चुंबकत्व आणि विद्युत ध्रुवीकरण एकमेकांना घेऊन वळत होते, पण उणे २०० अंश सेल्सियसच्याही खाली. १९६८ मध्ये ब्राउन, हॉर्नराइख आणि श्ट्रिकमन यांनी या आशेला गणिताची मर्यादाही घालून दिली. एखाद्या पदार्थाचा हा परिणाम त्याच्या विद्युत प्रतिसादाच्या आणि चुंबकीय प्रतिसादाच्या भूमितीय मध्यापेक्षा मोठा असूच शकत नाही. दोन्हींपैकी एक जरी दुबळा असेल तर जोड दुबळीच राहणार. दुसरी वाट नेदरलँड्समध्ये फिलिप्सच्या प्रयोगशाळेत निघाली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या संशोधकांनी बेरियम टायटेनेट आणि कोबाल्ट फेराइट यांचे मिश्रण घडवले. पहिला विजेने आकार बदलतो, दुसऱ्याला दाबले किंवा ताणले की त्याचे चुंबकत्व बदलते. दोघांना एका जुवाला जुंपले की विजेने चुंबक हलतो, जरी दोघांपैकी एकाच्याही अंगी तो गुण नसला तरी. हा परिणाम क्रोमियम ऑक्साइडला कितीतरी मागे टाकणारा होता.

तरीही १९७३ च्या सिएटल येथील पहिल्या आंतरराष्ट्रीय परिषदेनंतर दुसरी परिषद स्वित्झर्लंडमधील आस्कोना येथे भरायला १९९३ उजाडले. मधली वीस वर्षे ओसाडीची. याचे नेहमीचे स्पष्टीकरण असे की परिणाम दुबळा होता म्हणून लोकांचा रस संपला. ते खरे आहे, पण अपुरे वाटते. एक तर गरज नव्हती. धारेवर चालणारे चुंबकीय तंत्रज्ञान त्याच काळात झपाट्याने पुढे जात होते. १९८८ मध्ये आल्बेर फेर आणि पीटर ग्रुनबर्ग यांनी शोधलेल्या महाकाय चुंबकरोधाने, म्हणजे चुंबकक्षेत्राने विद्युतरोध मोठ्या प्रमाणात बदलण्याच्या परिणामाने, हार्ड डिस्कमधील माहिती वाचण्याची रीतच पुढे पालटून टाकली. जिथे धारेचेच घोडे दौडत होते तिथे व्होल्टेजचे शिंगरू कोण पाळणार? दुसरे कारण पदार्थ घडवण्याच्या कसबाचे. चांगला, शुद्ध, गळती नसलेला ऑक्साइड स्फटिक बनवणे अवघड होते. अशुद्ध नमुन्यातून भार झिरपत राहतो, आणि ज्यातून भार झिरपतो त्याला जोरदार विद्युतक्षेत्र लावताच येत नाही. फुटक्या घागरीत पाणी किती वेळ टिकणार? म्हणजे कल्पना जिवंत होती, तिचे भांडे तयार नव्हते. श्मिड यांनी १९९४ मध्ये एकाहून अधिक शिस्ती अंगी असलेल्या पदार्थांना ‘मल्टिफेरॉइक’ हे नाव दिले, तेव्हा त्या नावाचे पदार्थ बोटांवर मोजण्याइतकेच होते.

इतके कमी का, या प्रश्नाला थेट भिडणारा निबंध २००० मध्ये सँटा बार्बरा येथे निकोला हिल यांनी लिहिला. याच पुढे निकोला स्पाल्डिन या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या. त्यांचे उत्तर रसायनशास्त्राच्या मुळाशी जाणारे होते. बेरियम टायटेनेटसारख्या नेहमीच्या फेरोइलेक्ट्रिकमध्ये टायटॅनियमचा आयन मध्यापासून सरकतो, कारण त्याचे डी-कक्षक, म्हणजे इलेक्ट्रॉनची एका प्रकारची घरे, रिकामे असतात आणि तो शेजारच्या ऑक्सिजनशी जवळीक करू शकतो. चुंबकत्वाला मात्र त्याच डी-कक्षकांत इलेक्ट्रॉन हवे असतात. एकाला घर रिकामे हवे, दुसऱ्याला भरलेले. दोघे एका छपराखाली कसे नांदणार? या निबंधाला नकारघंटा मानणारेही होते. प्रत्यक्षात त्यातूनच पुढची वाट दिसली. भांडण एकाच आयनवर असेल, तर दोन कामे दोन आयनांवर सोपवा. बिस्मथ फेराइट या जुन्याच, दुर्लक्षित पदार्थात नेमके हेच होते. लोखंडाचे आयन चुंबकत्व सांभाळतात, आणि बिस्मथच्या बाहेरच्या कवचातील मोकळी इलेक्ट्रॉन-जोडी आयनांना सरकवून विद्युत ध्रुवीकरण घडवते. दोन्ही शिस्ती खोलीच्या तापमानाच्या कितीतरी वर टिकतात: चुंबकाची सुमारे ३७० अंश सेल्सियसपर्यंत, विजेची त्याच्याही पुष्कळ वर.

२००३ च्या मार्चमध्ये सायन्स या नियतकालिकात बिस्मथ फेराइटच्या पातळ थरांवरचा निबंध आला आणि हे क्षेत्र खडबडून जागे झाले. काम मेरीलँड विद्यापीठातील राममूर्ती रमेश यांच्या गटाचे होते. लेखकांच्या यादीत पुणे विद्यापीठात घडलेले सतीशचंद्र ओगले आणि मुंबईच्या आयआयटीत शिकून बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू केंद्रात सैद्धांतिक काम करणारे उमेश वाघमारे ही दोन नावे आहेत. स्पाल्डिनही त्यात होत्या. थर करण्याची रीत पाहण्यासारखी आहे. निर्वात पात्रात थोडासा ऑक्सिजन सोडतात, लेझरचे झोत बिस्मथ फेराइटच्या टिकलीवर मारतात, तिच्यातून उडालेल्या अणूंचा तेजस्वी पिसारा समोरच्या तापवलेल्या स्फटिकपट्टीवर जाऊन बसतो, आणि खालच्या स्फटिकाची जाळी पाहून अणू आपापली जागा धरतात. असा २०० नॅनोमीटर जाडीचा थर, म्हणजे केसाच्या जाडीच्या काहीशेव्या हिश्शाएवढा. त्यात विद्युत ध्रुवीकरण प्रति चौरस सेंटिमीटर ५० ते ६० मायक्रोकुलोम निघाले. ठोकळा स्फटिकासाठी १९७० पासून मानला गेलेला आकडा जेमतेम ६ होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जपानमधील किमुरा, तोकुरा आणि सहकाऱ्यांनी टर्बियम मँगनाइटमध्ये चुंबकक्षेत्राने विद्युत ध्रुवीकरणाची दिशा पालटून दाखवली. त्यात स्पिनची नागमोडी मांडणीच ध्रुवीकरणाला जन्म देते. तापमान मात्र २८ केल्विनच्या खाली, आणि ध्रुवीकरण क्षीण.

बिस्मथ फेराइटच्या त्या निबंधाचा पुढचा प्रवास सरळ झाला नाही. तो सांगितला पाहिजे, कारण याच क्षेत्राची परीक्षा त्यात झाली. पातळ थरात चुंबकत्वही वाढले आहे असा दावा निबंधात होता. केंब्रिजच्या गटाने २००५ मध्ये त्याच नियतकालिकात हरकत घेतली की आपल्या थरांत असे मोठे चुंबकत्व दिसत नाही. वाढीव चुंबकत्वाचा दावा पुढे टिकला नाही. ध्रुवीकरण मोठे आहे हे टिकले, पण त्याचे कारण बदलले. आधी श्रेय खालच्या स्फटिकामुळे पडणाऱ्या ताणाला दिले गेले होते. २००७ मध्ये फ्रान्समधील साक्ले येथे अतिशुद्ध ठोकळा स्फटिक तयार झाले आणि त्यांत पातळ थराच्या तोडीचेच ध्रुवीकरण निघाले. म्हणजे हा गुण पदार्थाचा स्वतःचाच होता. जुने नमुने गळके असल्याने तो तीन-चार दशके झाकलेला राहिला. एका गाजलेल्या निबंधातील एक दावा पडावा आणि दुसऱ्याचे कारण बदलावे, यात काहींना क्षेत्राचा उथळपणा दिसतो. मला उलट वाटते. चूक दुरुस्त झाली तीही अधिक चांगला पदार्थ घडवूनच. तर्काने वाद घालून त्याचा निकाल लागला नसता.

पण ध्रुवीकरण मोठे असले तरी बिस्मथ फेराइट स्वतः अँटिफेरोमॅग्नेट आहे. विजेने त्याच्या आतली शिस्त वळते, हे २००६ पर्यंत दिसले होते. मात्र बाहेरून वाचता येईल असे चुंबकत्व त्यात जवळपास नाही. इथे फिलिप्सचा जुना धडा नव्या रूपात परत आला: दुसऱ्या पदार्थाची सोबत घ्या, पण आता मिश्रण म्हणून नव्हे, अणूंच्या अचूकतेने एकावर एक थर रचून. नेब्रास्का विद्यापीठात क्रिस्टियन बिनेक यांच्या गटाने २०१० मध्ये जुन्या क्रोमियम ऑक्साइडच्या पृष्ठभागावर कोबाल्ट-पॅलॅडियमचा थर चढवला आणि खोलीच्या तापमानाला व्होल्टेजने त्या थराची चुंबकीय ओढ उलटी करून दाखवली. १९६० मध्ये दुबळा म्हणून बाजूला पडलेला पदार्थ पन्नास वर्षांनी कामाला लागला. बळ तेवढेच होते, पण आता त्याच्याकडून चुंबक होण्याची अपेक्षा नव्हती. शेजारच्या चुंबकाला इशारा दिला की झाले. २०१४ मध्ये हेरन, रमेश आणि सहकाऱ्यांनी बिस्मथ फेराइटवर कोबाल्ट-लोखंडाचा थर ठेवून व्होल्टेजने त्याचे चुंबकत्व थेट १८० अंशांत फिरवले. त्यात एक अनपेक्षित बारकावा निघाला. ध्रुवीकरण एकदम सरळ उलटले असते तर चुंबकत्व जागचे हलले नसते. प्रत्यक्षात ते दोन टप्प्यांत, आधी ७१ आणि मग १०९ अंशांनी वळते, आणि या वळणावळणाच्या वाटेनेच चुंबकत्वाला आपल्यासोबत ओढत नेते. धारेने चुंबक उलटवण्याच्या तुलनेत ऊर्जा सुमारे दहापट कमी लागली.

समांतरपणे तिसरी वाटही जपानमध्ये आकाराला आली. तिथे मल्टिफेरॉइकची गरजच उरली नव्हती. हिदेओ ओनो यांच्या तोहोकु विद्यापीठातील गटाने २००० मध्ये इंडियम-मँगनीज आर्सेनाइड या अर्धवाहकात व्होल्टेजने विद्युतवाहकांची संख्या कमी-जास्त करून लोहचुंबकत्वच चालू-बंद केले, पण फार थंड तापमानाला. ओसाकाच्या गटाने २००९ मध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडला टेकलेल्या, काही अणूंच्याच जाडीच्या लोखंडावर व्होल्टेज लावून त्याची चुंबकीय ओढ कोणत्या दिशेला असावी हे बदलले, तेही खोलीच्या तापमानाला. धातूच्या आत विद्युतक्षेत्र शिरत नाही ही जुनी हरकत इथे गैरलागू ठरली. थरच इतका पातळ असेल की पृष्ठभाग म्हणजेच सगळा धातू, तर आत शिरण्याची गरजच राहत नाही. इंटेलच्या संशोधकांनी २०१८ च्या अखेरीस ‘मॅग्नेटोइलेक्ट्रिक स्पिन-ऑर्बिट’ नावाची तर्कजुळणी प्रस्तावित केली. तिचे उद्दिष्ट सुमारे ०.१ व्होल्टवर काम करण्याचे आहे. बिस्मथ फेराइटमध्ये लॅन्थनम मिसळून अर्ध्या व्होल्टच्याही खाली चुंबक वळवण्यापर्यंत २०२० मध्ये मजल गेली.

यावर दोन हरकती राहतात. पहिली शुद्धतावाद्यांची. एकाने आकार बदलायचा, दुसऱ्याने वळायचे, किंवा एकाने इशारा द्यायचा आणि दुसऱ्याने ऐकायचे, याला विजेचे चुंबकावरचे खरे नियंत्रण म्हणायचे कसे? क्यूरींनी विचारले होते ते एका स्फटिकाबद्दल. पण १९६८ ची मर्यादा आणि २००० चा कक्षकांचा युक्तिवाद एकत्र वाचले तर दिसते की एकाच पदार्थावर दोन्ही ओझी टाकण्याविरुद्ध निसर्गानेच कौल दिला आहे. बिस्मथ फेराइटही त्याला खरा अपवाद नाही, कारण त्याच्या आतही दोन आयनांनी कामे वाटून घेतलेली आहेत. थरांनी तीच वाटणी एक पायरी बाहेर आणली. दुसरी हरकत जड आहे. १९६० पासून साठ वर्षांवर काळ लोटला, तरी दुकानात मिळणारी चुंबकीय स्मृती धारेवरच चालते. २००६ मध्ये बाजारात आलेली अशा स्मृतीची पहिली चिप, म्हणजे एमरॅम, धारेने लिहिणारी होती आणि तिच्या पुढच्या पिढ्याही तशाच आहेत. बिस्मथ फेराइट लाखो-कोट्यवधी वेळा वळवूनही थकू नये, व्होल्टेज आणखी उतरावे, थर आणखी पातळ होऊनही गळू नयेत, हे सगळे अजून जमायचे आहे. हे मान्य करावेच लागेल. पण अडचणींची ही यादी नीट पाहिली तर तिच्यात ‘हे शक्य आहे का’ हा प्रश्न कुठेच नाही. सगळ्या अडचणी घडणीच्या आहेत, आणि या क्षेत्रातल्या प्रत्येक जुन्या अडचणीचा निकाल घडणीनेच लावला आहे. शिवाय गरजेचे पारडेही फिरले आहे. १९७३ मध्ये धारेच्या उष्णतेची फिकीर कुणाला नव्हती. आज संगणकाची वाढ त्याच उष्णतेपाशी अडखळते.

म्हणून ओर्स्टेड यांचा निवाडा खोटा ठरला असे म्हणता येत नाही. स्थिर विद्युतभाराने सुई हलत नाही हे आजही तितकेच खरे आहे. फक्त त्यांच्या टेबलावर तार आणि सुई यांच्यामध्ये हवा होती, आणि हवेत ती असममिती नसते. तिथे काय ठेवायचे हे ठरवायला पावणेदोनशे-दोनशे वर्षे गेली.